नातवंडाचे मनगट मोडते तेव्हा

मनगटाचे हाड मोडले, हे शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्याच पिढीतले मनगट उभे राहते. न्हाणीघरात पाय घसरला, सावरण्यासाठी हात टेकला आणि हाड मोडले. मग सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर कित्येक महिने आखडलेली बोटे, थंडीत ठणकणारा सांधा आणि वाटी उचलतानाही जाणवणारा अधूपणा. हा अनुभव आपण स्वतः घेतलेला असतो किंवा घरात कुणाचा तरी पाहिलेला असतो. म्हणून सोसायटीच्या बागेत घसरगुंडीवरून पडलेले सहा वर्षांचे नातवंड मनगट धरून रडत घरी येते, तेव्हा आपल्याला वाटते की आता याचा हात जन्माचा अधू झाला.

ही भीती स्वाभाविक आहे. मात्र ती मोठ्यांच्या हाडांवरून घेतलेली आहे. लहान मुलाचे मनगट वेगळ्या तऱ्हेने मोडते, वेगळ्या तऱ्हेने जुळते आणि त्याचे उपचारही निराळे असतात. आईवडील कामावर आणि मूल आजी-आजोबांपाशी, अशी आज अनेक घरांची रचना आहे. त्यामुळे पडल्यानंतरचा पहिला तास बहुधा आपल्याच हाती असतो. त्या तासात काय करावे, काय टाळावे आणि पुढचे काही आठवडे कशावर लक्ष ठेवावे, याची माहिती आपल्याला असली तर मुलाचे त्रास वाचतात आणि आपला जीवही भांड्यात पडतो.

एकच पडणे, दोन मनगटे

हाताच्या पुढच्या भागात दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. पडताना आपण नकळत तळहात पुढे करतो आणि सारे वजन रेडियसच्या मनगटाजवळच्या टोकावर येते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या टोकाच्या मोडण्याचे वर्णन लिहिले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर आठ दशकांनी लागला. तरीही केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून केलेले ते वर्णन इतके नेमके होते की ज्येष्ठांमधील या अस्थिभंगाला आजही त्यांचेच नाव आहे.

ज्येष्ठांचे हाड विरळ झालेले असते, वाळलेल्या काटकीसारखे ते कडकन मोडते. मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे असते. त्यात लवचीकपणा अधिक असतो आणि त्याच्याभोवतीचे आवरण जाड व चिवट असते. हाडाला भेग पडली तरी हे आवरण पुष्कळदा एका बाजूने शाबूत राहते आणि तुकड्यांना जागेवर धरून ठेवते. याच आवरणातून नवे हाड तयार होत असल्यामुळे मुलांचे हाड झपाट्याने जुळते. शिवाय हाडाच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते. ही कूर्चेची पातळ चकती असून मुलाची उंची आणि हातपायांची लांबी अशाच पट्ट्यांमुळे वाढते. रेडियसची सुमारे ७५ ते ८० टक्के लांबी एकट्या मनगटाजवळच्या पट्टीतून वाढते. ही पट्टी म्हणजे मुलाचे मोठे भांडवल आहे, आणि क्वचित प्रसंगी चिंतेचे कारणही.

मोडण्याचे प्रकार

डॉक्टर ‘फ्रॅक्चर आहे’ असे म्हणाले, की पुढचा प्रश्न विचारावा : ‘कोणत्या प्रकारचे?’ उपचार या एका उत्तरावर ठरतात.

पहिला आणि सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे बकल फ्रॅक्चर. यात हाड तुटत नाही. दाबामुळे त्याची एक बाजू किंचित फुगून येते. पत्र्याचा डबा जोरात आपटल्यावर त्याला पोचा येतो, तसे काहीसे. हात वाकडा दिसत नाही, सूज थोडी असते, आणि मूल त्या हाताने खेळणेही उचलते. घरच्यांना वाटते की मुका मार आहे.

दुसरा प्रकार ग्रीनस्टिक. ओली फांदी वाकवली तर ती एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकते, तसे हे हाड होते. तिसऱ्या प्रकारात हाड पूर्ण मोडते आणि पुष्कळदा तुकडे सरकतात; तेव्हा मनगट जेवणाच्या काट्याच्या पाठीसारखे बाकदार दिसते. चौथ्या प्रकारात भेग वाढीच्या पट्टीतून जाते. कॅनडातील रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस या दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६३ साली या इजांचे पाच प्रकारांत वर्गीकरण केले आणि जगभरचे डॉक्टर आजही तेच वापरतात. क्ष-किरण चित्राच्या अहवालात ‘सॉल्टर-हॅरिस टाइप टू’ असे लिहिलेले दिसले तर घाबरून जाऊ नये. मनगटाजवळ हाच प्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो बहुधा उत्तम बरा होतो.

मनगट धरलेले, पण दुखणे कोपरात

येथे एका वेगळ्या दुखण्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण ते आजी-आजोबांच्या हातूनच अनेकदा घडते. रस्ता ओलांडताना मूल हात सोडवून पळू लागले म्हणून आपण त्याला मनगटाला धरून खेचले, किंवा पायरी चढवताना एका हाताने उचलले, आणि क्षणात ते रडू लागले. मूल कुठेही पडलेले नसते. पण हात अंगालगत लोंबता ठेवते आणि त्याला हात लावू देत नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या हाताने मनगटच धरते, म्हणून आपल्याला मनगट दुखावल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोपराजवळ रेडियसच्या वरच्या टोकाभोवती असलेला पट्टा निसटून सांध्यात अडकलेला असतो. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांत हे अधिक दिसते. जाणकार डॉक्टर एका सफाईदार हालचालीने तो पट्टा जागेवर बसवतात आणि काही मिनिटांत मूल हात हलवू लागते. घरच्या घरी मात्र हा प्रयोग करू नये. आत हाड मोडलेले असेल तर त्याने अपाय होतो. आणि यापुढे मुलाला उचलताना हाताला न धरता काखेत दोन्ही हात घालून उचलावे.

पहिला तास

मूल पडले की आधी त्याला शांत बसवावे. डोक्याला मार लागला आहे का, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हे पाहावे. मग हाताकडे वळावे. बांगड्या, वाळे, मनगटातला काळा दोरा, अंगठी हे सारे सूज चढण्यापूर्वीच काढून घ्यावे. सूज आल्यावर तीच बांगडी फासासारखी आवळते.

त्यानंतर हाताला आधार द्यावा. एखादे जाड मासिक किंवा घडी केलेले वर्तमानपत्र पन्हळीसारखे वाकवून कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हाताखाली ठेवावे आणि मऊ कापडाने सैलसर बांधावे. मग ओढणी किंवा पंचा तिकोनी दुमडून गळ्यात झोळी करावी. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत बांधावा. वाकडा दिसला तरी ओढून सरळ करू नये. बर्फ लावायचा असेल तर कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटांपुरता लावावा.

वेदनेवर पॅरासिटामॉल देता येते; मात्र मात्रा वयावर न ठरवता वजनावर ठरवावी. एका वेळची नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ मिलिग्रॅम अशी असते. म्हणजे १६ किलो वजनाच्या मुलाला २४० मिलिग्रॅम. बाजारात सिरपच्या निरनिराळ्या तीव्रतेच्या बाटल्या मिळतात : काहींच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत २५० मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा चष्मा लावून वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. ज्या मुलाला यकृताचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी आहे, त्याला डॉक्टरांना विचारल्याविना काहीही देऊ नये. आपल्या स्वतःच्या औषधांच्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन तर मुलाला कधीच देऊ नये.

हात वाकडा दिसत असेल तर मुलाला खाऊ, दूध, बिस्किटे देऊन गप्प करण्याचा मोह आवरावा. हाड भुलीखाली बसवावे लागले तर पोट रिकामे असावे लागते. साधारणपणे अन्न आणि वरचे दूध यांनंतर सहा तास थांबावे लागते. प्रेमाने दिलेला एक लाडू मुलाचा उपचार संध्याकाळवर ढकलू शकतो.

पुढील लक्षणे दिसली तर तत्काळ रुग्णालय गाठावे : हात उघडच वाकडा दिसणे, हाडाजवळ जखम असणे किंवा त्यातून रक्त येणे, बोटे फिकट, निळसर किंवा गार पडणे, बोटांना मुंग्या येणे किंवा ती हलवता न येणे, आणि औषध देऊनही वाढत जाणारी वेदना. जखम असेल तर तिच्यावर स्वच्छ कोरडे कापड ठेवावे. हळद, चुना, कॉफीपूड यांपैकी काहीही भरू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. यांपैकी काहीच नसेल, पण मूल हात वापरत नसेल किंवा हाडावर बोट टेकताच कळवळत असेल, तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूल झोपले म्हणजे दुखणे थांबले, असा अर्थ काढू नये.

मालीश, लेप आणि घट्ट पट्टी

आपल्या पिढीला हाडवैद्यांची परंपरा ठाऊक आहे. गावागावांत अशी घराणी होती, आजही आहेत आणि त्यांच्या हातच्या अनुभवाबद्दल लोकांच्या मनात आदर आहे. तो आदर राखूनही दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे भाग आहे. वाढीच्या पट्टीतून गेलेली भेग कितीही अनुभवी बोटांना वरून कळत नाही. तिथे चोळले किंवा ओढले तर ती नाजूक कूर्चा अधिक दुखावते. दुसरी गोष्ट घट्ट पट्टीची. बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला आणि आत सूज वाढत गेली, तर सुजेला पसरायला जागा उरत नाही. स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते कायमचे निकामी होऊ लागतात. बोटे पंज्यासारखी आखडून बसतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले आणि घट्ट बंधनाने तुटलेला रक्तपुरवठा हे त्याचे कारण सांगितले. मोडलेले हाड काही आठवड्यांत जुळते. असा आखडलेला हात मात्र पुन्हा पूर्ववत करणे फार कठीण असते.

म्हणून आंबेहळदीचा लेप, गरम तेलाची मालीश, शेक, हे सारे क्ष-किरण चित्र होईपर्यंत बाजूला ठेवावे. घरातील कुणी ज्येष्ठाने ‘आमच्या वेळी असेच बरे व्हायचे’ असे म्हटले, तर त्याला उत्तर सोपे आहे. तेव्हाही अनेक मुले बरी होत होती, कारण मुलांचे हाडच जुळण्यात हुशार असते. जी बरी झाली नाहीत, त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

क्ष-किरणांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मनगटाच्या एका चित्रासाठी लागणारा किरणोत्सर्ग, आपल्याला निसर्गतः एका दिवसात मिळतो त्याहूनही कमी असतो. हात जास्त दुखत असेल तर कोपराचेही चित्र काढतात, कारण दोन हाडांपैकी एक मोडताना दुसऱ्या टोकाचा सांधा कधीकधी निखळलेला असतो.

डॉक्टर कमी करतात, तेव्हा

आता उपचारांकडे वळू. येथे अनेक घरांत एक गैरसमज होतो. मुलाचे बकल फ्रॅक्चर आहे, असे कळते आणि डॉक्टर केवळ काढता-घालता येणारा आधारपट्टा देतात. ‘प्लास्टर घातले नाही म्हणजे नीट पाहिले नाही,’ असे वाटून आपण दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतो. वास्तविक ही हयगय नसून उत्तम पुराव्यावर आधारलेला निर्णय असतो. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांत चार ते पंधरा वर्षांच्या ९६५ मुलांवर याबाबत एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना कडक आधार दिला गेला आणि निम्म्यांना साधी मऊ पट्टी देऊ केली गेली. तीन दिवसांनंतरची वेदना दोन्ही गटांत सारखीच होती आणि पुढील सहा आठवड्यांत हाताच्या वापरातही फरक आढळला नाही. लक्षात ठेवावे, की या सर्व मुलांचे क्ष-किरण चित्र काढून बकल फ्रॅक्चरचे निदान पक्के झालेले होते. चित्राविना घरीच पट्टी बांधण्यास हा अभ्यास आधार देत नाही. बकल फ्रॅक्चर बहुधा तीन आठवड्यांत बरे होते आणि पुन्हा चित्र काढण्याचीही गरज सहसा पडत नाही.

ग्रीनस्टिक किंवा पूर्ण मोडलेल्या हाडाला प्लास्टर लागते. ते साधारण चार ते सहा आठवडे ठेवतात. तुकडे बरेच सरकले असतील तर भूल किंवा गुंगीचे औषध देऊन, कातडी न कापता, बाहेरून हाताने ते जागेवर बसवतात. अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातली तपासणी चुकवू नये. सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि तुकडे पुन्हा सरकू शकतात. ते वेळेत कळले तर दुरुस्त करता येते. वाढीच्या पट्टीची इजा मात्र साधारण आठवडा-दहा दिवसांनंतर पुन्हा ओढून बसवणे धोक्याचे ठरते, कारण तोवर हाड जुळू लागलेले असते आणि ओढाताणीने पट्टीलाच दुखापत होते. ‘मूल आता रडत नाही, मग कशाला पुन्हा जायचे?’ हा विचार येथे महागात पडतो.

काही थोड्या मुलांत हाड जागेवर टिकत नाही किंवा जखमेतून बाहेर आलेले असते. अशा वेळी शस्त्रक्रिया करून बारीक तारा घालतात. हाड जुळल्यावर त्या काढून टाकतात. ज्येष्ठांना बसवतात तशा प्लेटी लहान मुलांना क्वचितच लागतात.

काळ करतो ती दुरुस्ती

प्लास्टर घातल्यानंतरच्या चित्रात हाड थोडे तिरपे दिसते आणि डॉक्टर म्हणतात, ‘एवढे चालेल.’ आजोबांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. वाकडे हाड चालेल कसे?

याचे उत्तर वाढीच्या पट्टीत आहे. मूल वाढत असताना हाड स्वतःला घडवत राहते. एका बाजूला नवे हाड घालते, दुसऱ्या बाजूचे झिजवते. दहा वर्षांखालील मुलात मनगटाजवळचा सुमारे वीस अंशांचा कलही पुष्कळदा शस्त्रक्रियेविना वर्ष-दोन वर्षांत सरळ होतो. मात्र त्याला अटी आहेत. मूल लहान असावे आणि वाढीची निदान दोन वर्षे शिल्लक असावीत. मोडलेली जागा वाढीच्या पट्टीच्या जवळ असावी. आणि कल मनगट ज्या दिशेने पुढे-मागे वाकते त्याच दिशेचा असावा. हाडाचा पीळ मात्र काळ सोडवत नाही; तो डॉक्टरांनाच सोडवावा लागतो. म्हणूनच सहा वर्षांच्या नातीला जे चालते, ते चौदा वर्षांच्या नातवाला चालेलच असे नाही. प्लास्टर निघाल्यावर मनगटावर थोडा उंचवटा किंवा बाक दिसला तर तो काही महिने तसाच राहील, हे आधीच समजून घ्यावे आणि मुलासमोर त्याची चर्चा करू नये.

भेग वाढीच्या पट्टीतून गेली असेल तर हाड जुळल्यानंतरही सहा महिन्यांनी, वर्षाने तपासणीस जावे. क्वचित ही पट्टी वेळेआधी बंद पडते. मग रेडियस खुंटते, अल्ना वाढत राहते आणि मनगट एका बाजूला झुकते. हे लवकर ध्यानात आले तर उपाय करता येतात.

प्लास्टरचे दिवस

पहिले दोन दिवस सर्वांत महत्त्वाचे. हात उशीवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा. बोटे हलवण्याचा खेळ दर तासाला घ्यावा. दिवसातून अनेकदा बोटांचा रंग पाहावा. नखावर दाबून सोडले असता गुलाबी रंग चटकन परत यायला हवा. मूल विनाकारण अस्वस्थ होत असेल, झोपत नसेल, औषधाची मात्रा पुन्हा पुन्हा मागत असेल, बोटे सरळ करताच किंचाळत असेल, तर त्याला हट्टी ठरवू नये. लहान मुलाला ‘आत आवळते आहे’ हे शब्दांत सांगता येत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जावे. तिथे प्लास्टर कापून सैल करतात आणि बहुधा तेवढ्याने हात वाचतो.

साधे प्लास्टर पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ते बोटांनी दाबू नये. आंघोळीच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि हात बादलीपासून दूर ठेवावा. खाज सुटली तर विणायची सुई, पट्टी, पेन्सिल आत घालू देऊ नये. ओरखडा उठून तिथे जखम चिघळते. पंख्याचा किंवा गार हवेचा झोत प्लास्टरच्या तोंडाशी धरावा. आतून दुर्गंधी आली, डाग उमटला, ताप आला किंवा प्लास्टर भिजून मऊ पडले तर दाखवावे.

खाण्यात विशेष पथ्य नसते. दूध, दही, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, डाळी, अंडी, तीळ, पालेभाज्या असा नेहमीचा चौरस आहार आणि सकाळच्या उन्हात खेळणे पुरेसे आहे. ‘हाड जुळायला’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. मूल वारंवार, क्षुल्लक धक्क्यानेही हाड मोडून घेत असेल, त्याची मनगटे रुंद दिसत असतील किंवा पाय वाकलेले असतील, तर मात्र ड जीवनसत्त्वाच्या अभावाची आणि अन्य विकारांची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट सांगणे कठीण आहे, तरी सांगितली पाहिजे. जे बाळ अजून चालतही नाही, त्याच्या हाताचे हाड मोडले तर डॉक्टर खोदून प्रश्न विचारतात. हाड आजाराने कमजोर आहे का, की बाळाला कुणाकडून इजा पोहोचते आहे, हे पाहणे त्यांचे कर्तव्य असते. त्या प्रश्नांनी अपमान मानून घेऊ नये. खरे ते सांगावे. बोलता न येणाऱ्या बाळाचा तोच एक आवाज असतो.

दोष कुणाचा?

मूल आपल्या ताब्यात असताना पडले, ही टोचणी आजी-आजोबांना प्लास्टरहून अधिक काळ सलते. सायंकाळी मुलगा किंवा सून घरी आली की ‘तुमचे लक्ष कुठे होते?’ हा प्रश्न उच्चारला गेला नाही तरी घरभर जाणवतो. वाचकहो, एवढे ध्यानात असू द्या, की मनगट हे मुलांच्या हाडांपैकी सर्वाधिक मोडणाऱ्या हाडांत गणले जाते. उड्या मारणारे, सायकल शिकणारे, झोपाळ्यावरून झेप घेणारे मूल आईच्या डोळ्यांदेखतही पडते. आपण हात पुढे करण्याच्या आत ते जमिनीवर असते. त्या संध्याकाळी घराला दोषाची वाटणी करण्यापेक्षा मुलाची खरी माहिती हवी असते : किती वाजता पडले, कसे पडले, शेवटचे केव्हा आणि काय खाल्ले, कोणते औषध किती दिले, कोणती ॲलर्जी आहे, धनुर्वाताची लस झाली आहे का. हे एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती देणाऱ्या आजीने आपले काम चोख बजावलेले असते. आईवडिलांचे दूरध्वनी क्रमांक आणि मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाची प्रत घरात ठरलेल्या जागी असावी. भुलीच्या संमतीसाठी त्यांच्याशी ताबडतोब संपर्क व्हावा लागतो.

प्लास्टर निघाल्यावर

प्लास्टर कापणाऱ्या यंत्राचा आवाज मोठा असतो आणि मुले घाबरतात. त्याचे पाते गरगर फिरत नाही; ते जागच्या जागी कंप पावते आणि त्यामुळे कडक प्लास्टर कापले जाते, मऊ कातडी सहसा नाही. हे मुलाला आधी सांगून ठेवावे. आतून बाहेर आलेला हात बारीक, खपल्या धरलेला आणि थोडा केसाळ दिसतो. कोमट पाण्याने धुऊन साधे खोबरेल हलक्या हाताने लावावे. जोर देऊन मालीश करू नये आणि सांधा धरून वाकवू नये.

मोठ्या माणसांना लागतात तसे व्यायामाचे वर्ग लहान मुलांना बहुधा लागत नाहीत. खेळता खेळता हात सुटतो. कणकेचा गोळा मळायला द्यावा, छोटी पोळी लाटू द्यावी, पत्ते पिसू द्यावेत, रोपांना झारीने पाणी घालू द्यावे. काही आठवड्यांत मनगट पूर्ववत वळू लागते. झाडावर चढणे, सायकल, स्केटिंग, कबड्डी यांसाठी मात्र डॉक्टर सांगतील तेवढे, साधारण आणखी चार ते सहा आठवडे थांबावे. नुकतेच जुळलेले हाड याच काळात पुन्हा मोडण्याची भीती असते.

आणि मुदत संपली की मुलाला बागेत जाऊ द्यावे. आपल्या भीतीपोटी त्याची घसरगुंडी बंद करू नये. धावण्या-उड्या मारण्यानेच त्याचे हाड बळकट होणार आहे. आपण स्वतः मात्र एक करावे. आपलेही मनगट कधी साध्या पडण्याने मोडले असेल, तर आपल्या हाडांची घनता तपासून घ्यावी. मोडलेल्या मनगटापाठोपाठ खुब्याचे हाड मोडण्याचा धोका ज्येष्ठांत वाढतो आणि तो टाळण्यासाठी औषधे उपलब्ध आहेत. नातवंडाच्या हाडाला वाढीचे वय साथ देते. आपल्या हाडांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.